संगणकाचा पहारा कोणाकडून घ्यावा : घरासाठी आणि छोट्या कार्यालयासाठी निर्णयाची रीत

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून किंवा जेल रोडवरच्या एखाद्या दुकानातून नवा लॅपटॉप घेताना, बिल तयार होत असतानाच विक्रेता सहज विचारतो, "अँटिव्हायरस डाल दें?" आणि बहुतेक ग्राहक, पुढे काय विचारावे हे ठाऊक नसल्यामुळे, होकार देऊन मोकळे होतात. रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर या भागांतल्या नातेवाइकांचे संगणक, आणि त्याबरोबर ओळखीच्या एका छोट्या पतसंस्थेचे सात संगणक, मी बरीच वर्षे सांभाळत आले आहे. या काळात गरज नसताना दरवर्षी पैसे भरणारी घरे मी पाहिली, आणि "कंपनीने दिलेले आहेच, मग वेगळे कशाला" असे म्हणून केव्हाच बंद पडलेल्या संरक्षणावर विसंबलेली कार्यालयेही पाहिली. हा निर्णय अंदाजाने न घेता क्रमाने कसा घ्यावा, ते येथे सांगायचे आहे.

या निर्णयाच्या मुळाशी एक जुना वाद आहे. ज्या कंपनीने ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली, तयार केली, तिनेच तिच्या रक्षणाचे सॉफ्टवेअरही विकावे का? एका पक्षाचे म्हणणे असे, की ज्याने घर बांधले त्याला त्यातल्या कच्च्या जागा सर्वांत आधी कळतात, म्हणून पहाराही त्यानेच द्यावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कच्च्या जागांच्या राखणीचे पैसे ज्याला मिळू लागतील, त्याला त्या बुजवण्याची घाई उरणार नाही. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते, कारण "सुरक्षा" या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दोन्ही पक्ष बहुधा वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात

पहिली गोष्ट दुरुस्ती. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये राहून गेलेली चूक सापडली, की ती बुजवणारा अपडेट काढला जातो. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून असे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र देते आणि आपल्या घड्याळाप्रमाणे ते मंगळवारी रात्री उशिरा उपलब्ध होतात. दुसरी गोष्ट पहारा, म्हणजे बाहेरून आलेली फाइल तपासणारे आणि संशयास्पद वागणारा प्रोग्राम थांबवणारे अँटिव्हायरस. तिसरी गोष्ट देखरेख : अनेक संगणकांवर काय घडत आहे याच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करणे, त्या वाचणे, आणि काही विपरीत दिसले तर जाणकार माणसाने हस्तक्षेप करणे.

माझे मत असे आहे, की दुरुस्ती ही वेगळी विकण्याची वस्तू नाही, कारण ती आधी विकलेल्या मालाचाच भाग आहे. पहारा मूळ किमतीतच मिळाला पाहिजे, मात्र त्या जागी दुसऱ्या कंपनीचा पहारेकरी बसवण्याची ग्राहकाला पूर्ण मोकळीक हवी. देखरेखीला माणसे आणि वेळ लागतो, त्यामुळे ती विकायला हरकत नाही. पण ती खपावी म्हणून पहिल्या दोन गोष्टींत हात आखडता घेतला जाऊ नये. म्हणून विक्रेता काहीही पुढे करो, त्याला प्रथम विचारावे, की या तिन्हींपैकी आपण मला नेमके काय देत आहात.

ही मांडणी मी हवेतून काढलेली नाही. १९९३ साली एमएस-डॉस ६ या आपल्या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर मायक्रोसॉफ्टने एक अँटिव्हायरस दिला होता, तो सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला होता. पुढे २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने रुमानियातील गेकॅड या कंपनीचे अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतले, आणि २००६ मध्ये विंडोज लाइव्ह वनकेअर या नावाने तीन संगणकांसाठी वर्षाला ४९.९५ डॉलर या दराने संरक्षण विकायला काढले. हा व्यवसाय फार काळ चालला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये तो आवरता घेण्याची घोषणा झाली, सप्टेंबर २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हे मोफत सॉफ्टवेअर आले, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सिस्टीममध्ये बसवलेलाच येऊ लागला.

मला हा बदल योग्य दिशेने झालेला वाटतो आणि त्याचे कारण आपल्या गल्लीतच दिसते. ज्या संगणकावर पहारा नाही, त्यातून निघालेला पेनड्राइव्ह कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकाला लागलेला रोग दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर चढतो, आणि ज्यांनी आपापल्या घरी पैसे भरून संरक्षण घेतले आहे त्यांच्याही दारापर्यंत तो पोहोचतो. झेरॉक्सवाल्याने वर्षाचे पैसे भरले नाहीत याची झळ त्याच्यापेक्षा इतरांना अधिक बसते. अशी वस्तू केवळ ऐपतीवर किंवा इच्छेवर सोडता येत नाही.

पहिले काम : दुरुस्ती येते आहे का ते पाहावे

अँटिव्हायरसचा विचार करण्याआधी हे काम करावे, कारण दुरुस्ती थांबलेल्या संगणकाला कोणताही पहारा पुरत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीम आणि त्याखाली अबाउट उघडले, की विंडोजची आवृत्ती दिसते. नंतर सेटिंग्जमधलेच विंडोज अपडेट उघडावे आणि अपडेट हिस्टरीत शेवटचा सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेला बसला ते पाहावे. ती तारीख दोन महिन्यांहून जुनी असेल, तर बाकीचे सारे बाजूला ठेवून कारण शोधावे : डिस्क भरली आहे का, अपडेट कोणी मुद्दाम थांबवले आहेत का, की संगणक कधी पूर्ण बंद करून पुन्हा सुरूच केला जात नाही.

माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. एका दुकानदाराने त्यात विंडोजची अनधिकृत प्रत टाकली, ती उघडी पडू नये म्हणून अपडेट कायमचे बंद केले, आणि त्याच बिलावर एका वर्षाचा अँटिव्हायरस विकला. वर्षभर अँटिव्हायरसच्या खिडकीत हिरवी खूण दिसत होती आणि घरातले सर्व जण निर्धास्त होते, परंतु त्या वर्षात विंडोजची एकही चूक बुजवली गेली नव्हती. पहारा विकत घेतला होता आणि दुरुस्ती गमावली होती. अधिकृत विंडोजसाठी जी रक्कम वाचवली असे त्यांना वाटले, ती पुढे सगळा संगणक पुसून नव्याने उभा करण्यात गेली, आणि मुलीच्या वाढदिवसाचे काही फोटो मात्र परत मिळाले नाहीत.

दुरुस्तीचे मोल २०१७ साली जगाने पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा किडा पसरला आणि त्याने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. तो विंडोजमधल्या ज्या चुकीचा आधार घेऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता, ती बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच निघालेला होता. म्हणजे ज्यांनी जवळजवळ दोन महिन्यांत तो बसवला होता, त्यांच्या संगणकात त्याला या वाटेने शिरता आले नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी येथे अधिक वेळ द्यावा. तिचा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून नेहमीचे अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर झाली, आणि पहिल्या घोषणेनुसार तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. तीत सहभागी होण्याचे तीन मार्ग ठेवले गेले : ३० डॉलर भरणे, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरणे, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप ऑनलाइन ठेवणे. हा तिसरा मार्ग पैशाविना आहे, म्हणून घरच्या संगणकासाठी तोच घ्यावा. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. कार्यालयांसाठीचा दर वेगळा असून तो पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट होत जाणारा आहे.

दुरुस्ती विकू नये असे मी वर म्हटले ते याच उदाहरणाकडे पाहून. जुन्या मालाला कायम आधार देत राहणे कोणत्याही कंपनीला शक्य नाही, हे मी मान्य करते. तरीही विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसरची अट घातल्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक बाहेर राहिले, आणि त्यांच्या मालकांना दुरुस्तीसाठी पैसे किंवा खाते यांपैकी काहीतरी द्यावे लागले, हे मला न्याय्य वाटत नाही. अशा संगणकावर फक्त ब्राउझर आणि पत्रलेखन होत असेल, तर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली टाकणे हा उत्तम मार्ग आहे. टॅली किंवा विंडोजवरच चालणारे दुसरे काही लागत असेल, तर नव्या संगणकाचे अंदाजपत्रक आत्ताच मांडावे. जुन्या विंडोजवर महागडा अँटिव्हायरस चढवून ती सुरक्षित झाली असे मात्र कोणी सांगितले, तर ते मानू नये.

दुसरे काम : सोबत आलेला पहारा नीट जागा करावा

स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडावे. त्याच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स हा दुवा आहे. तो उघडला की या क्षणी पहारा कोणाचा चालू आहे ते नाव स्पष्ट दिसते. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर आपणहून मागे सरतो, आणि जुन्या, मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष पडून असले, तर पहारा नक्की कोण देत आहे हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

पहारा डिफेंडरचा असेल, तर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधल्या मॅनेज सेटिंग्जमध्ये रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणे चालू आहेत याची खात्री करावी. टॅम्पर प्रोटेक्शन हे बाहेरच्या प्रोग्रामला पहारा बंद करू देत नाही. ज्या कोणत्या "फुकट" सॉफ्टवेअरच्या सूचनांत पहिली पायरी "अँटिव्हायरस बंद करा" अशी लिहिलेली असते, ते सॉफ्टवेअर तेथेच सोडून द्यावे. नमुने आपोआप पाठवण्याचा पर्यायही येथेच आहे. तो चालू ठेवला, तर संशयास्पद फाइल तपासणीसाठी कंपनीकडे जातात. खासगी माहिती असू शकेल अशा फाइलबाबत आधी विचारले जाते. ज्यांच्याकडे अशिलांची किंवा रुग्णांची कागदपत्रे असतात, त्यांनी तो विचारपूर्वक ठरवावा.

त्याच पानावर खाली एक्सक्लुजन्स ही यादी असते आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. तपासू नयेत अशा फोल्डरांची ती यादी असते. हिशेबाचे सॉफ्टवेअर संथ चालते अशी तक्रार आली, की दुरुस्तीला आलेला मुलगा घाईघाईत संपूर्ण सी ड्राइव्ह त्या यादीत टाकून जातो. तक्रार मिटते आणि पहाराही संपतो. पतसंस्थेच्या सातपैकी दोन संगणकांवर मला नेमके हेच आढळले होते. यादीतल्या प्रत्येक नोंदीचे कारण सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर ती काढावी.

ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये नको असलेली ॲप अडवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करावा, कारण घरच्या संगणकावर खऱ्या विषाणूंपेक्षा शोधपान बदलणारे आणि जाहिराती दाखवणारे प्रोग्रामच अधिक त्रास देतात. रॅन्समवेअर प्रोटेक्शनखालचे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस हे मुळात बंद असते. ते चालू केले, की अनोळखी प्रोग्रामला कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरविरुद्ध त्याचा खरा उपयोग होतो. मात्र हिशेबाचे सॉफ्टवेअरही कधी कधी त्यात अडकते, म्हणून ते महिनाअखेरीला किंवा विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात चालू न करता निवांत दिवशी चालू करावे आणि अडलेल्या ओळखीच्या प्रोग्रामला त्याच पानावरून परवानगी द्यावी.

पहारा जागा आहे की नाही, हे पाहण्याची एक निरुपद्रवी चाचणी आहे. एइकार या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल मिळते. तीत विषाणू नाही, पण सर्व अँटिव्हायरसनी तिला विषाणूसारखे वागवायचे असा संकेत आहे. ती उतरवताना अडवली गेली, तर यंत्रणा काम करते आहे असे समजावे. नातेवाइकांना मी ही चाचणी स्वतः करायला लावते, कारण पडद्यावर इशारा आल्यावर तो खरा इशारा कसा दिसतो हे त्यांना तेव्हा कळते, आणि पुढे खोटा इशारा ओळखणे सोपे जाते.

तिसरे काम : बाहेरचा पहारा लागतो का ते ठरवावे

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीवरच सारा भरवसा ठेवू नये, याला सबळ कारणे आहेत. मे २०१७ मध्ये, वॉनाक्रायच्या काही दिवसच आधी, डिफेंडरच्या तपासणी इंजिनातच एक गंभीर चूक गूगलच्या संशोधकांना सापडली होती. खास रचलेली फाइल नुसती तपासली गेली, तरी संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीने, ८ मे रोजी, ती बुजवली. पण सर्वांच्या दारात एकच पहारेकरी उभा असेल, तर त्याची एक चूक सर्वांची होते, हे त्यातून दिसले. म्हणून इतर कंपन्यांना त्या जागी उभे राहता येणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे. या मुद्द्यावर बाहेरच्या कंपन्या वेळोवेळी भांडल्याही आहेत : २००६ मध्ये ६४-बिट व्हिस्टा या विंडोजच्या तेव्हाच्या नव्या आवृत्तीच्या गाभ्यात शिरकाव बंद केल्याबद्दल सिमँटेक आणि मॅकअफी यांनी तक्रार केली, तर कॅस्परस्कीने २०१६ मध्ये रशियात आणि २०१७ मध्ये युरोपात दाद मागितली आणि मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर त्या तक्रारी मागे घेतल्या.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या बाहेरच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बाहेरचा पहारेकरी घराच्या गाभ्यापर्यंत जात असेल, तर त्याचा पाय घसरला की घरच कोसळते. बाहेरचे ते अधिक सुरक्षित असा नियम त्यामुळे करता येत नाही.

मग ठरवावे कसे? जर्मनीतील मागडेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळा अनेक कंपन्यांच्या अँटिव्हायरसची नियमित चाचणी घेतात आणि निकाल मोफत वाचायला देतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. एकाच निकालावर न जाता मागचे तीन-चार निकाल पाहावेत, आणि निर्दोष फाइलला दोषी ठरवण्याचे प्रमाण किती आहे याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सतत खोटी ओरड करणारा अँटिव्हायरस लोक बंद करून ठेवतात. डिफेंडरही या चाचण्यांत असतो आणि अलीकडच्या वर्षांत तो मागे पडलेला दिसत नाही.

एक-दोन संगणकांच्या घरासाठी, जिथे विंडोज अधिकृत आहे, अपडेट येत आहेत आणि माणसे अनोळखी जोडपत्रे उघडत नाहीत, तिथे सोबतचा पहारा पुरेसा आहे असे माझे मत आहे. बाहेरचा अँटिव्हायरस घेण्याची कारणे वेगळी असतात. मुलांच्या वापरावर अधिक बारीक नियंत्रण हवे असेल, पेनड्राइव्ह लावण्यावर बंधन घालायचे असेल, अनेक संगणकांची स्थिती एका पडद्यावर पाहायची असेल, किंवा अडचण आल्यावर आपल्या भाषेत बोलणारा माणूस फोनवर मिळायला हवा असेल, तर पैसे भरणे सार्थ ठरते. शेवटचे कारण मी हलके मानत नाही. सत्तरीतल्या काकांना इंग्रजी मदतपानाचा काहीच उपयोग नसतो. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आलेली क्विक हील, मुंबईची ईस्कॅन, चेन्नईची के७ अशा भारतीय कंपन्याही या बाजारात आहेत. आपल्या माणसांची कंपनी म्हणून वाटणारी आपुलकी मला समजते, तरीही खरेदी गुण आणि गरज पाहूनच करावी.

मायक्रोसॉफ्ट ३६५ चे घरगुती सदस्यत्व असणाऱ्यांना २०२२ पासून डिफेंडर नावाचे एक वेगळे ॲपही मिळते. विंडोजवर ते नवे तपासणी इंजिन बसवत नाही, तर असलेल्या पहाऱ्याची आणि कुटुंबातल्या इतर यंत्रांची स्थिती एका जागी दाखवते. केवळ त्यासाठी सदस्यत्व घेऊ नये.

बदल करताना घ्यायची काळजी

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते एकमेकांच्या फाइल तपासत बसतात आणि संगणक रडतरखडत चालतो. जुना अँटिव्हायरस सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढावा, तो पूर्ण निघत नसेल तर त्याच कंपनीचे काढण्याचे साधन वापरावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये डिफेंडरचे नाव परत आले आहे का ते पाहावे. सॉफ्टवेअर काढले म्हणजे सदस्यत्व थांबत नाही. कार्ड किंवा यूपीआयवरचा ऑटोपे वेगळा रद्द करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, ती सूचना वाचण्याची सवय ठेवावी.

ब्राउझरच्या कोपऱ्यात येणारी "आपल्या संरक्षणाची मुदत संपली आहे" अशी सूचना बहुतेक वेळा एखाद्या संकेतस्थळाला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येते. तिच्यावर क्लिक न करता ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती परवानगी काढावी. पडद्यावर दिलेल्या क्रमांकावर फोन करण्याचे तर नावच घेऊ नये, कारण पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा मागतो. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. संसर्ग झाल्याची शंका असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे तपासणीची मोफत साधने मिळतात.

असाच पहारा मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट या नावाने २००९ पासून आणि अँड्रॉइड फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट या नावाने २०१७ पासून बसवलेला येतो. फोनवर वेगळा अँटिव्हायरस टाकण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची किंवा बँकेच्या नावाची एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल न उघडणे अधिक महत्त्वाचे आहे.

देखरेख घेताना नोंदींविषयी विचारावे

पाच-सात संगणकांपुढे गेलेल्या संस्थेला कधी ना कधी देखरेखीचा प्रस्ताव येतो. मायक्रोसॉफ्टचा हा व्यवसाय आज प्रचंड आहे : जानेवारी २०२३ मध्ये तिने सांगितले, की मागच्या बारा महिन्यांत सुरक्षेतून २० अब्ज डॉलरहून अधिक महसूल मिळाला. त्याच वर्षी घडलेली एक घटना मला या सगळ्या वादात सर्वांत बोलकी वाटते. चीनशी संबंधित हल्लेखोरांनी अमेरिकी सरकारी खात्यांच्या मायक्रोसॉफ्टवरच्या ईमेल पेट्यांत प्रवेश मिळवला. परराष्ट्र खात्याच्या ते लक्षात आले, कारण त्या खात्याने अधिक महाग योजना घेतली होती आणि तिच्यातच त्या सविस्तर नोंदी मिळत होत्या. स्वस्त योजनेवर असणाऱ्याला आपल्या घरात कोणी येऊन गेले हे कळण्याचे साधनच नव्हते. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्यांपैकी बऱ्याच नोंदी जादा शुल्काविना उपलब्ध करून दिल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या परीक्षण मंडळाने कंपनीची सुरक्षेविषयीची संस्कृती अपुरी असल्याचे नोंदवले. आपल्या खात्यात कोण, केव्हा आणि कोठून आले याची नोंद हा पहाऱ्याचाच भाग आहे. तो वरच्या किमतीत ठेवण्याचा मोह ज्या कंपनीला होतो, तिने सुरक्षा विकू नये या म्हणण्याला तिथे बळ येते.

म्हणून प्रस्ताव कोणाचाही असो, त्याला लेखी विचारावे : खात्यात कोण शिरले याची नोंद या योजनेत दिसते का, ती किती दिवस ठेवली जाते, आणि योजना बंद केल्यावर ती आम्हाला उतरवून घेता येते का. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये.

पतसंस्थेत आम्ही शेवटी असे ठरवले. सातपैकी पाच संगणक विंडोज ११ वर आहेत, तिथे सोबतचाच पहारा ठेवला. ठेवीदारांचे पेनड्राइव्ह जिथे लावले जातात, त्या काउंटरच्या दोन संगणकांवर पेनड्राइव्ह नियंत्रणासाठी बाहेरचा अँटिव्हायरस घेतला. वाचलेल्या पैशातून दोन बाह्य हार्ड डिस्क आणल्या. त्यांतली एक दर शनिवारी बॅकअप झाला की केबल काढून तिजोरीत जाते आणि पुढच्या शनिवारी दुसरी तिची जागा घेते. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी, म्हणजे अपडेट येऊन एक दिवस गेल्यावर, लिपिक सातही संगणकांच्या अपडेट हिस्टरीतली तारीख, मॅनेज प्रोव्हायडर्समधले नाव आणि एक्सक्लुजन्सची यादी पाहून वहीत लिहितात. या कामाला पाऊण तास लागतो, आणि वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक संगणकाच्या नावासमोर त्याच्या विंडोजचा आधार कोणत्या तारखेला संपतो ते लाल शाईने लिहिलेले आहे.